सांजेची परेड

खोली दाखवायच्या आधी आमच्या घरमालकांनी मला उभं राहून दाखवायला लावलं.

मी आष्ट्यात नवा होतो. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची नोकरी लागली होती आणि जत तालुक्यातल्या आमच्या गावाहून एक बॅग आणि एक वळकटी घेऊन मी त्यांच्या गेटात पोचलो होतो. समोर पांढऱ्या मिशांचा, ताठ पाठीचा माणूस. अंगात बनियन, पण खाली कडक इस्त्रीची पँट आणि पायांत आरशासारखे चमकणारे काळे बूट. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, जरा सावधान करा बघू."

मी केलं. का केलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. खोली हवी होती हे खरं, पण खोलीसाठी कुणी सावधान करतं का?

"टाचा जुळत न्हाईत," ते म्हणाले. "जमंल हळूहळू. खोली मिळंल. सांजच्याला परेडला हजर ऱ्हायाचं, एवढीच अट."

"कसली परेड?"

"देवाची," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. पुढं काही विचारायची सोयच उरली नाही.

आमच्या भागात फौजेतून परत आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून येवो, गाव त्याला मेजरच म्हणतं. आमचे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ते स्वतःला कधी मेजर म्हणवून घेत नसत, पण कुणी म्हटलं तर दुरुस्तही करत नसत. वडिलोपार्जित ऊस होता, रस्त्याकडेला घर होतं, घराला काटकोनात बांधलेल्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या आणि या सगळ्याच्या मधे फरशीचं अंगण होतं. त्या अंगणात रोज मावळतीला परेड भरायची.

पहिल्या दिवशी मी लेंग्यावर गेलो. मेजर नुसते माझ्या लेंग्याकडं पाहत राहिले. मी जाऊन पँट घालून आलो.

भिंतीवर गणपतीची तसबीर, तिच्यापुढं समई, आणि लिंबाच्या फांदीला टांगलेलं कुठल्याशा तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी कवच. हीच घंटा. तिच्यावर एक टोला पडला की सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं. मग हजेरी. मेजर कुणालाच नावानं हाक मारत नसत.

"मास्तर!"

"हजर."

"मेडिकल!" म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतला, औषधांच्या दुकानात कामाला असलेला मिरजेचा पोरगा.

"हजर."

"सिस्टर!" म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. त्या निम्म्या वेळा ड्युटीवर असायच्या, मग आम्ही कुणीतरी "ड्युटीवर" म्हणायचं.

"घर!"

"हजर," असं म्हणत काकू पदराला हात पुसत रांगेला येऊन उभ्या राहायच्या. आयुष्यभर संसार करून बाईला शेवटी 'घर' एवढीच हाक मिळाली, असं मला सुरुवातीला वाटायचं. नंतर वाटलं, मेजरांच्या तोंडून यापेक्षा मोठी हाक कदाचित निघतच नसेल. यातलं खरं काय ते मी ठरवू शकलो नाही.

'घर' झाल्यावर मेजर स्वतः रांगेत यायचे. त्यांच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडलेली असायची. तिकडं ते एकदा बघायचे, हाक मारायला तोंड उघडल्यासारखं करायचे आणि मग आरती सुरू करायचे. मी एकदा न कळून त्या मोकळ्या जागेत उभा राहिलो, तर काकूंनी मला दंडाला धरून मागं ओढलं.

आरतीत टाळी एकजीव लागायची. शेवटी स्वतःभोवती गिरकी घ्यायची ती उजव्या खांद्यावरूनच. पहिल्या आठवड्यात मी डावीकडून फिरलो आणि मेडिकलला जाऊन धडकलो. "भूगोलाचं मास्तर, आन दिशा चुकतासा?" मेजर म्हणाले. आणि मग सगळ्यात शेवटी ते यायचं, ज्यासाठी ही परेड होती असं ते सांगायचे. दोन्ही हातांनी दोन्ही गालांवर मारून घ्यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "चुकलं, माफी असावी!"

आपण सगळेच आरतीनंतर गालाला बोटं लावतो, डास हाकलल्यासारखी. मेजरांच्या चापटीचा मात्र आवाज यायचा. त्यांचे गाल खरोखर लाल व्हायचे. मग "विश्राम" म्हणून ते सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवायचे आणि एकदम साधे घरमालक होऊन पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागायचे.

मी गोंधळलो होतो हे कबूल करतो. आमच्या दुष्काळी भागात देवाशी वागायची रीत वेगळी. आम्ही मेंढरं राखणाऱ्या घरातली माणसं. आमच्याकडं देवाला माफी मागण्यापेक्षा जाब विचारायचीच सवय जास्त. पाऊस लांबला की म्हातारी माणसं देवळाच्या पायरीवर बसून देवाला चार शब्द सुनावून येतात. तेव्हा रोज संध्याकाळी कशाबद्दल म्हणून माफी मागायची, हे मला कळेना. एकदा मी विचारलं, "मेजर, माझं मनच लागत नाही हो आरतीत."

"देवाला तुमचं मन नगं, मास्तर. हजेरी पायजे. मन मागनं येतंय. बदली झाल्यावर सामान मागनं येतंय का न्हाई, तसं."

मग त्यांनी फौजेतल्या मंदिर परेडबद्दल सांगितलं. पलटण हलली की मंदिरही तिच्यासोबत हलायचं, आणि रविवारी अख्खी पलटण त्या मंदिरापुढं रांगेत. मानणारा आणि न मानणारा, दोघंही. "एक जवान म्हनला, साब, माझा देवावर इस्वास न्हाई. सुभेदारसाब म्हनले, ते देव बघून घील. तू आदी बटन लाव." हे सांगताना मेजर इतके खूश व्हायचे, की त्या जवानाचं पुढं काय झालं हे विचारायचं राहूनच जायचं.

मेडिकलचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला होता. तो मुसलमान. खोली घेताना त्यानं हात जोडून सांगितलं, "चाचा, मी मगरिबची नमाज पढतो. आरतीला कसा येऊ?" मेजर म्हणाले, "तुज्या नमाजात गुन्ह्याची माफी मागत्यात का?" "मागतात की." "वाकायला लागतंय?" "लागतं." "मग तुजी परेड आमच्यापेक्षा कडक हाय. तू आदी तुजी कर, मग हितं येऊन नुस्ता हुबा ऱ्हा." त्याआधी परेड घड्याळावर चालायची म्हणे. नमाजेची वेळ मात्र सूर्याबरोबर सरकणार. मेजरांनी विचार केला आणि परेड मावळतीला बांधून टाकली. "घड्याळापरीस सूर्य सीनियर हाय," असं त्यांनी जाहीर केलं. मेडिकल आपल्या खोलीत नमाज पढून यायचा, रांगेत हात बांधून उभा राहायचा, आणि शेवटी आम्ही गालावर मारून घेताना तोही हळूच कानाच्या पाळीला हात लावायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हुकूम म्हणजे काय, हे मेजरांकडून शिकावं. एकदा त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना चढू नका. झालं. सूज उतरली, मेजर शेतात हिंडू लागले, पण जिना चढेनात. गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि मेजर खाली उभं राहून वरच्या पाण्याला "थम!" म्हणून ओरडायचे. मी म्हटलं, "आता पाय बरा आहे ना तुमचा?" तर म्हणाले, "पाय बरा हाय, पन हुकूम उठल्याला न्हाई. ज्येनं दिला त्येनंच मागं घ्याय पायजे." शेवटी ते मुद्दाम दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून परवानगी घेऊन आले आणि त्याच पावली जिना चढले. आम्ही सगळे हसलो. या हुकूमवेडामागं काय आहे ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आता मी साताऱ्यात राहतो. दिवस मावळायला आला की अजून माझा हात गालाकडं जातो, आणि हात तिथं पोचल्यावर मी विचार करत राहतो की आज नेमकं काय चुकलं. बायको म्हणते, काहीतरी चुकलंच असेल. ते तर खरंच.

रविवारी मेजरांचा मुलगा यायचा. सांगलीजवळ माधवनगरात पाण्याच्या मोटारी रिवायंड करायचं त्याचं दुकान होतं आणि तो बायकोला घेऊन तिथंच राहायचा. अंगानं बापासारखाच ताठ, बोलायला मऊ. तो आला की बापलेक अंगणात बसून उसाबद्दल बोलायचे, बोअरच्या मोटारीबद्दल वाद घालायचे, एका ताटात शेंगा फोडायचे. मला वाटायचं, काय सुरेख जमतं यांचं. आणि मग ऊन उतरलं की मुलगा उठायचा, चपला घालायचा आणि गेटाबाहेर जाऊन आपल्या मोटारसायकलीला टेकून उभा राहायचा. आमच्याकडं पाठ करून. आत आरती चालायची. "विश्राम" ऐकू आलं की तो परत आत यायचा आणि आईच्या हातचं जेवून जायचा.

हे काय आहे, मला काही केल्या उमजेना. मेडिकलला विचारलं तर तो म्हणाला, "सर, मी आलो तेव्हापासून असंच आहे." सिस्टर म्हणाल्या, "आपण भाडेकरू. आपल्याला काय करायचंय?"

ते कळलं माझ्या वडिलांमुळं. वडील एकदा शाळूची ज्वारी घेऊन मला भेटायला आले. आयुष्यभर मेंढरांमागं आणि आता कोरडवाहू शेतात राबलेला माणूस. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं. मेजरांनी त्यांना मानानं रांगेत घेतलं. आरती होईपर्यंत वडील ठीक होते. मग सगळ्यांनी गालावर मारून घेतलं, "चुकलं, माफी असावी" म्हटलं, आणि माझे वडील तसबिरीकडं बघत सरळ म्हणाले, "यप्पा, माजं कायबी चुकल्यालं न्हाई बग. चुकलंय तुजंच. ढग निस्तं वरनं जात्यात, आन आमी टँकरची वाट बगत बसतोय. तूच जरा इचार कर."

आता खोली गेली, असंच वाटलं. मेजर वडिलांकडं टक लावून पाहत होते. काकूही पाहत होत्या, पण मेजरांकडं.

"पाव्हणं हाईत," मेजर शेवटी म्हणाले. "चालतंय. विश्राम."

दुसऱ्या दिवशी वडील गेल्यावर काकू त्यांनी आणलेली ज्वारी निवडत ओट्यावर बसल्या होत्या. मी कॉलेजातून आलो तसं त्यांनी मला समोर बसवलं आणि सुपातली नजर न काढता सगळं सांगितलं.

"पोरगं बारावीला हुतं, मास्तर. एक दिस आरती झाली, समद्यांनी गालात मारून घ्येतलं, आन ह्यो गप. हे म्हनलं, का रं? तर म्हनतो कसा, आबा, आज दिसभर मी तुमच्यासंगं उसाला पानी पाजत हुतो. कुनाला वावगं बोललो न्हाई, कुनाचं काय घ्येतलं न्हाई. मग माजं काय चुकलं? तेवढं सांगा, म्हंजी म्हंतो."

"मग?"

"मग काय! ह्यास्नी सांगता यीना. निस्तं बगत ऱ्हायलं. आन मग वरडलं, रांगंतनं भाईर हो! त्यो झाला. हुकूम पाळला की त्येनं. आजपातूर पाळतोय."

"आणि मेजरांनी तो मागं नाही घेतला?"

"न्हाई. त्येच्या लग्नात सांज झाली तर ह्येनी हालातल्या समद्या पाव्हण्यांची रांग लावली. नवरी रांगंत आन नवरदेव हालाच्या भाईर! लोकं इचारत्यात, नवरदेव रुसला का काय? आता काय सांगायचं लोकास्नी?" त्या हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "गनपती न्हाई, दिवाळी न्हाई. दर सनाला माजं पोरगं गेटाभाईर. आन काल तुमचं वडील देवालाच बोललं, तर ह्येनी म्हनलं, चालतंय. पाव्हण्याला चालतंय, मग पोराला का न्हाई वं?"

मला त्या बाईचं फार वाईट वाटलं, आणि मेजरांचा रागही आला. पण राग तरी कुणाचा करायचा? बाप हुकूम देऊन बसला होता, मुलगा हुकूम पाळून बसला होता. दोघांतला एक जरी थोडा बेशिस्त निघाला असता तरी हे मिटलं असतं.

त्या संध्याकाळी टोला पडला. मास्तर हजर, मेडिकल हजर, सिस्टर ड्युटीवर.

"घर!"

उत्तर नाही. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता.

"घर!"

"घर भाकरी थापतंय," आतून काकूंचा आवाज आला. "मला सांगा माजं काय चुकलं. मग येती मी परेडला."

एकदा काकू तापानं फणफणल्या होत्या, तेव्हासुद्धा अंथरुणातून त्यांनी "हजर" म्हटलं होतं. मेजर रांगेपुढं तसेच उभे राहिले. मग त्यांनी आरती सुरू केली आणि एक कडवं गाळलं.

पुढचे कितीतरी दिवस असंच चाललं. काकू भांडत नव्हत्या. चहा देत होत्या, जेवायला वाढत होत्या, फक्त परेडला येत नव्हत्या. मेजर रोज "घर!" म्हणायचे, वाट पाहायचे आणि मग उजवीकडच्या मोकळ्या जागेकडंही बघायचं विसरून जायचे. त्यांच्या बुटांवरचं पॉलिश उतरलं. एका सकाळी मी दाढी करत होतो, तर ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. भाडेकरूच्या खोलीत ते कधी पाय ठेवत नसत. त्या दिवशीही उंबऱ्याबाहेरच थांबले.

"मास्तर, तुमी शिकल्यालं. एक सांगा. हुकूम पाळनारा चुकला तर त्येला शिक्षा हाय. पन हुकूमच चुकला आसंल तर?"

"मागं घ्यायचा."

"तसं न्हाई जमत. परेडवर दिलेला हुकूम परेडवरच उठतो. 'जैसे थे' म्हनायचं आसतं, मग जवान हुता तिथं परत येतो. पन त्यो जवान म्होरं हजर पायजे ना? आता त्येला आत बलवायचं तर आदी हुकूम उठवाय पायजे. आन हुकूम उठवायचा तर त्यो आदी आत पायजे."

मला हसू फुटणार होतं. मग मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. हा माणूस रात्रंदिवस याच चक्रात फिरत होता. काकू म्हणायच्या, नियमबियम काही नाही, शब्द घशात अडकलाय नुसता. खरंही असेल. पण मेजरांना स्वतःला तसं वाटत नव्हतं. त्यांना खरोखर रस्ता सापडत नव्हता.

"मग परेडच त्याच्याकडं न्या," मी गालावर साबण तसाच ठेवून म्हणालो. अगदी सहज, थट्टेत. "तुम्हीच सांगता ना, पलटण हलली की मंदिर हलतं म्हणून."

मेजरांनी टाचा जुळवल्या.

"मास्तर," ते म्हणाले, "टेम्पो बघा."

त्याच दुपारी आम्ही छोटा हत्ती ठरवून निघालो. मागं मी, मेडिकल आणि मेजर. गणपतीची तसबीर चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, आणि पितळी घंटा आमच्या पायांत इकडून तिकडं लोळतेय. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, हे विसर्जन कुठल्या महिन्यातलं म्हणून. मेडिकलनं दुकानातून अर्धी सुट्टी घेतली होती. "मी नसलो तर लाइन वाकडी दिसंल, सर," तो म्हणाला. काकू मांडीवर डबा घेऊन पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. "मी माज्या पोराकडं चाललीया," त्यांनी निघतानाच बजावलं होतं. "परेडबिरेडशी माजा संबंध न्हाई."

माधवनगरात पोचेस्तोवर ऊन कलतं झालं होतं. बंद पडलेल्या एका गिरणीच्या लांबलचक भिंतीला लागून मुलाचं दुकान. दारात उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, व्हार्निशचा वास. मुलगा काळ्या हातांनी बाहेर धावत आला.

"आबा? काय झालं? आई कुठाय?"

"आई बरी हाय, गाडीत बसलीया. तुज्याकडं खिळा हाय का?"

"खिळा?"

"भित्तीला मारायचा."

त्या बिचाऱ्यानं खिळा मारून दिला. का, ते त्यालाही कळलं नसणार, पण बापानं खिळा मागितला आणि त्यानं मारला. मी तसबीर टांगली. मोटारी उचलायच्या साखळीला मेजरांनी घंटा बांधली. मग मेजर बाहेर जाऊन मावळतीकडं बघून आले. मेडिकलनं कोपऱ्यात रुमाल अंथरून नमाज पढली. मेजरांनी वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या आणि घंटेवर टोला दिला.

आणि तो टोला ऐकताच मुलानं फडक्याला हात पुसले, मान खाली घातली आणि तो स्वतःच्याच दुकानातून बाहेर निघाला.

हा विचार मी केलाच नव्हता. दुकान त्याचं, भिंत त्याची, खिळा त्यानं मारलेला. पण परेड होती, आणि परेडवर त्याला मनाई होती. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

"जैसे थे!"

तो आवाज मी मेजरांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. गिरणीच्या भिंतीवर आदळून तो परत आला. रस्त्यावरचा एक सायकलवालासुद्धा थांबला. मुलगा दुसरा पाय उचललेला तसाच उभा राहिला. मग हळूहळू वळला, चालत आला आणि बापाच्या उजव्या हाताला, त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. त्यानं टाचा जुळवल्या. त्या अगदी नीट जुळल्या.

हजेरी झाली. मास्तर हजर. मेडिकल हजर. सिस्टर ड्युटीवर. "घर" म्हटल्यावर टेम्पोतून काहीच आवाज आला नाही. मेजरांनी आरती सुरू केली. बापलेकांची टाळी एकजीव लागत होती. गिरकी झाली. मग आम्ही सगळ्यांनी गालांवर मारून घेतलं, "चुकलं, माफी असावी."

मुलगा बोलला नाही. त्याचे हात खाली होते. तो तसबिरीकडं बघत होता, रागानं नाही, हट्टानंही नाही. त्याला अजूनही आपलं काय चुकलं ते कळलेलं नव्हतं, एवढंच.

आता परत बाहेर काढतात की काय? मेजरांनी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडं पाहिलं. त्यांची मिशी हलली. मग त्यांनी पुन्हा हात उचलले, पुन्हा दोन्ही गालांवर मारून घेतलं, पहिल्यापेक्षा जोरात, आणि पुन्हा म्हणाले, "चुकलं, माफी असावी."

आणि मग बाहेरून, टेम्पोच्या खिडकीतून, काकूंचा आवाज आला.

"हजर!"

"विश्राम," मेजर म्हणाले.

मग काकूंनी डबा उघडला, सुनेनं वरून चहा आणला, आणि बापलेक एका जळालेल्या मोटारीवर वाद घालायला लागले. पुढच्या रविवारी मुलगा आष्ट्याला आला तो गेटाच्या आतच थांबला. गालावर त्यानं त्या दिवशीही मारून घेतलं नाही, आणि मेजरांनी पुन्हा दोनदा म्हटलं. मी तिथं होतो तोवर हे असंच चाललं.

पण मला आठवतो तो माधवनगराहून परतीचा प्रवास. काकू पुढं ड्रायव्हरशी मोठ्यानं गप्पा मारत होत्या. आम्ही मागं. मेडिकलला डुलकी लागली होती. मेजरांच्या गालांवर बोटं उमटलेली दिसत होती. मला राहवेना.

"मेजर, पहिली माफी तुमची. दुसरी कुणाची? त्याची, का पुन्हा तुमचीच? आणि चुकलं तरी काय होतं?"

त्यांनी पायातली घंटा उचलून मांडीवर घेतली.

"मास्तर," ते म्हणाले, "ठावं आसतं तर एकदाच म्हनलो आसतो."